नाताळचं ताट शेजारी जाऊ दे

दरवर्षी डिसेंबर लागला की वसईहून माझ्या फोनवर दोन वाद येऊन पडतात. पहिला शाळेच्या ग्रुपवरचा, तिथे कोणीतरी टाकतं की ख्रिसमस हा आपला सण नाही, पोरांना सांताचे कपडे घालू नका, 25 डिसेंबरला तुळशीपूजन करा, मग दुसरं कोणी त्याला तावातावाने उत्तर देतं आणि रात्रीपर्यंत दोन-तीन जण ग्रुप सोडून गेलेले असतात. दुसरा आमच्या घरातला, बहिणी-वहिन्या-माम्यांच्या ग्रुपवरचा, की हल्ली सगळंच विकत आणतात, दोदोल म्हणजे नारळाचं दूध-गुळाची मिठाई ऑर्डर केली, केक ऑर्डर केला, नव्या मुलींना कुलकुल म्हणजे तळलेल्या गोड वळकट्या वळता येत नाहीत, आपली परंपरा बुडाली.

मी इथे जर्मनीत न्युरेंबर्गला राहते, इथे नाताळ म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण, तेव्हा मला दोन्हीकडून विचारतात की बाई तूच सांग. तर सांगते. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही वादांत आपण एकच गोष्ट विसरतोय, ती म्हणजे नाताळचं ताट, जे भरून रुमाल झाकून शेजारी पाठवायचं असतं. ते जात असेल तर सण आपलाच आहे आणि दोदोल विकतचा असला तरी काही बिघडत नाही. ते जायचं थांबलं तर घरात दहा पदार्थ हाताने केले तरी मला त्यात नाताळ दिसत नाही.

आधी आमच्याकडचं सांगते, कारण वसईबाहेरच्या खूप लोकांना वाटतं की ख्रिस्ती घरात नाताळला प्लम केक खातात आणि झालं. आमच्या ताटात करंज्या असतात, ओल्या नारळाच्या किंवा रवा-सुक्या खोबऱ्याच्या, कुलकुल असतात, दोदोल, खजुराचे रोल, रवा-नारळाच्या केकचा तुकडा, जमलं तर मार्झिपान, म्हणजे सुक्या मेव्याची वाटून केलेली गोड वडी. आमच्या घरच्या फ्रूटकेकमध्ये मनुकांबरोबर सुकेळी बारीक चिरून जायची, वसईची सुकवलेली केळी, त्याने केकला जो ओलसर गोडवा येतो तो इथल्या कुठल्याच सुक्या मेव्याने येत नाही. ओव्हन नव्हता तेव्हा आजी पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून केक भाजायची. आणि 25 ला दुपारी जेवायला इंदेल, सोरपोतेल ही व्हिनेगर घातलेली मांसाची कालवणं, बरोबर फुगे म्हणजे तळलेले गोल पाव, आणि सगळ्याला उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला.

कुलकुल ज्यांनी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मैदा, थोडा बारीक रवा, अंडं, नारळाचं घट्ट दूध, साखर, तूप, चिमूटभर मीठ, याचा पुरीसारखा घट्ट गोळा मळायचा, बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि खालून वर गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळकटी होते. काट्याचा चमचा नसेल तर नवी कोरी फणी. वळणं सोपं आहे पण शेकड्याने वळायचे असतात, म्हणून ते एकटीने करायचं काम नाहीच. आमच्याकडे खाटेवर धुतलेली चादर अंथरून सगळी पोरं बसायची आणि आत्या मध्येच येऊन कोणाचे जाड होतायत ते बघून जायची, कारण जाड कुलकुल बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो.

आता पहिला वाद. हा सण परका आहे म्हणतात त्यांना मी एवढंच म्हणेन की करंजी परकी आहे का? नारळ परका आहे का? पोर्तुगीज वसईत 1534 ला आले, 1739 ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले, पण गावं तिथेच राहिली, त्याच वाड्या, तीच केळी, तीच पानवेल, त्याच विहिरी. लाल लुगडं नेसून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाणाऱ्या माझ्या आजीला कोणी परकी म्हटलं असतं तर तिला तो शब्द कळला पण नसता. नगर-पुण्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत तर नाताळला चक्क फराळच असतो, चिवडा, चकल्या, शंकरपाळे, लाडू, म्हणजे दिवाळीत शेजारी जे खाल्लं तेच दीड-दोन महिन्यांनी यांच्या घरी. वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही असाच विरोध झाला होता, आणि आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला तो सोसावा लागला याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तुळशीचं म्हणाल तर तुळशीशी माझं काय वैर असणार, तुळशीच्या लग्नाला आमच्या शेजारच्या काकूंकडून ऊस, बोरं, चिंच, आवळे न चुकता यायचे आणि आम्ही ती बोरं खाऊन संपवायचो. त्याच काकूंच्या घरी नाताळचं पहिलं ताट जायचं. त्या अंडं खात नाहीत म्हणून आई आदल्या दिवशी, कढईतलं तूप नवं असताना, बिनअंड्याच्या करंज्या आधी तळून वेगळ्या डब्यात काढून ठेवायची, त्यावर कोणी हात मारलेला तिला चालायचा नाही. हे कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या सलोख्याच्या कार्यक्रमात सांगितलं नव्हतं. म्हणून 25 तारखेला तुळस विरुद्ध नाताळ असं कोणी मांडलं की मला राग येतो, कारण ज्यांनी हे मांडलं त्यांच्या घरी कधी ताट आलं नसावं किंवा आलेलं त्यांनी परत पाठवलं असावं.

इथे न्युरेंबर्गची शान काय आहे माहितीये, लेबकुखन, म्हणजे मसाल्याचं नाताळचं बिस्किट. नाताळच्या बाजारात त्याच्या डब्यांचे डोंगर रचलेले असतात. त्यात एक एलिझन नावाचा भारी प्रकार असतो, त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड निदान 25 टक्के आणि पीठ फार तर 10 टक्के असा नियम आहे, आणि न्युरेंबर्ग लेबकुखन हे नाव फक्त याच शहरात केलेल्याला लावता येतं. आता त्याचा वास घ्या. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, आलं. यातला एकही मसाला जर्मनीत उगवत नाही. मध मात्र इथल्या जंगलातला, जुन्या काळी शहराभोवतीच्या रानात मधमाश्या पाळायचे, आणि मसाला व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडून यायचा, त्यातला वेलदोडा आणि सुंठ आपल्या मलबारातून, दालचिनी श्रीलंकेतून, लवंग-जायफळ त्याच्याही पलीकडच्या बेटांवरून. तरी इथे कोणी म्हणत नाही की हा केरळचा पदार्थ आहे, आमचा नाही. शेकडो वर्षं केला, खाल्ला, आपला झाला. मग आमच्या इंदेलला आणि केकला तोच न्याय का नाही?

दुसरा वाद मला जास्त छळतो, कारण तो आपल्याच माणसांत आहे आणि त्यात बोलणी कोणाला बसतात तर बायकांना. परंपरा बुडाली म्हणणाऱ्यांत बरेचसे पुरुष असतात हे मी मुद्दाम लिहितेय. दोदोल म्हणजे काय असतं हे त्यांनी एकदा उभं राहून बघावं. नारळाचं दूध, काळा गूळ, तांदळाचं पीठ, आणि तासन् तास ढवळणं, सुटायला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही, थांबला की तळाला लागलाच, आणि शेवटी तो इतका जड होतो की डाव फिरवायला दोघी लागतात. पूर्वी घरात आठ-दहा बायका होत्या, शेतावरून लवकर घरी यायच्या, आळीपाळीने ढवळायच्या. आता माझी वहिनी सकाळची विरार लोकल पकडून चर्चगेटला जाते, रात्री आठला घरी येते. तिने दोदोल कधी ढवळायचा? ती विकत आणते ते बरोबर करते, आणि गावातल्याच कोणा मावशीकडून आणते म्हणजे त्या मावशीचाही डिसेंबर चांगला जातो.

परंपरा म्हणून जे आपण धरून बसतो ते पण बदलतच आलंय. ड्रेस्डेनचा श्टॉलन घ्या, जगभर जाणारा नाताळचा ब्रेडकेक, लोण्यात भिजलेला. पण आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, उपवास असायचा आणि लोणी चालायचं नाही, म्हणून तो तेलात करायचे आणि तो कोरडा आणि बेचव व्हायचा, मग सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमला विनवण्या केल्या आणि 1491 साली पोप इनोसंट आठवे यांनी पत्र पाठवून लोणी वापरायची परवानगी दिली. म्हणजे ज्याला आज अस्सल म्हणतात ते एके काळी सूट घेऊन केलेलं होतं. आमच्या फुग्यांचं पीठ पूर्वी ताडीने फुगवायचे, आता बहुतेक घरांत यीस्ट असतं, म्हणून ते फुगे नाहीत का?

इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 24 तारखेचं जेवण. खूप जर्मन घरांत त्या रात्री बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज, बस. सॅलड आदल्या दिवशीच करून ठेवलेलं असतं, मुरलेलं जास्त चांगलं लागतं, सॉसेज गरम पाण्यात सोडले की काम झालं. बदक-बिदक 25 ला. दुकानं दुपारी दोनला बंद होतात ती थेट 27 ला उघडतात, मध्ये रविवार आला तर अजून उशिरा, त्यामुळे शेवटच्या क्षणी काय राहिलं ते आणायला पळायची सोयच नाही. संध्याकाळी घरातली बाई चर्चमधून येते आणि सगळ्यांबरोबर बसते. आपल्याकडे मध्यरात्रीच्या मिस्सेला आई कशी यायची ते आठवतं, दिवसभर कढईसमोर उभी राहून पाय सुजलेले, केसांना तळणाचा वास, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत डोळे मिटायला लागलेले. हे मला परत नकोय, कोणाच्याच आईसाठी नकोय.

आणि आगमनाच्या चार आठवड्यांत इथे घराघरांत बिस्किटं भाजतात, चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिला-बदामाची, दालचिनीच्या चांदण्या, त्यात बाप आणि मुलं पण पिठात हात घालून असतात, निदान माझ्या ओळखीच्या घरांत तरी. थोडं थोडं, दर रविवारी एक प्रकार, पत्र्याच्या डब्यात भरून ठेवतात. आपले कुलकुल असेच का करू नयेत, 22-23 तारखेला मरमर न करता? हवाबंद डब्यात ते तीन आठवडे सहज टिकतात.

पण एक गोष्ट इथून अजिबात घेऊ नये. इथे मुलांसाठी एक रंगीत ताटली असते, बिस्किटं, अक्रोड, संत्री, चॉकलेट भरलेली, प्रत्येक मुलाची वेगळी, फार सुंदर दिसते. पण ती घरातच राहते. लोक वाईट नाहीत, ऑफिसात डबे आणतात, सगळ्यांना देतात, पण 24 च्या संध्याकाळी दार बंद होतं आणि सण घरातल्या माणसांचा होतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माझ्या इमारतीत वर एक एकट्या आजी राहतात. पहिल्यांदा मी ताट घेऊन दारात गेले तर त्यांना वाटलं माझं काहीतरी काम अडलंय. करंज्या आणि कुलकुल आहेत, आमच्याकडे असं देतात, म्हणून समजावलं. ताट दोन दिवसांनी परत आलं ते त्यांच्या चंद्रकोरी बिस्किटांनी भरून, ताट रिकामं द्यायचं नसतं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आता ते दरवर्षी जातं.

फुग्यांचं बऱ्याच जणी विचारतात म्हणून इथेच लिहून टाकते. इथे जर्मनीत असाल तर पाकिटावर 405 नंबर लिहिलेला मैदा नका घेऊ, 550 चा घ्या, पीठ जास्त तार धरतं. अर्धा किलो पीठ, सुक्या यीस्टचं 7 ग्रॅमचं एक पाकीट, दोन अंडी, दोन चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ, आणि टिनमधलं नारळाचं दूध कोमट करून 300 मिलिलिटरच्या आसपास. पीठ चपातीसारखं घट्ट नकोच, हाताला चिकटणारं, भज्याच्या पिठापेक्षा जाड असं, आणि हाताने आपटून आपटून फेटायचं, चमच्याने नाही. दोन-अडीच तास झाकून हीटरजवळ ठेवा. मग पाण्याचा हात लावून मूठभर पीठ घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो चमच्याने किंवा दुसऱ्या हाताने कापून तेलात सोडायचा. तेल फार तापलं तर आत पीठ राहतं, कमी तापलं तर तेल पितात. नीट सोडला तर फुगा आपला आपण उलटतो.

या वर्षीचं विचारलंत तर घरच्या ग्रुपवर मी लिहून टाकलंय. दोदोल आणि मार्झिपान विकत. करंज्या घरी, पण सारण पुरुषांनी भाजायचं आणि नारळही त्यांनीच खवायचे. कुलकुल आगमनाच्या दुसऱ्या रविवारी, सगळी मुलं बसवून. 24 ला रात्री फक्त खिमा-पाव. बिनअंड्याचा डबा आधी. आणि ताटं 24 ला दुपारी चारपर्यंत निघालीच पाहिजेत, पहिलं काकूंकडे, आणि शाळेच्या ग्रुपवर ज्याने तो तुळशीचा मेसेज टाकला होता तो आपल्याच आळीत राहतो, त्याच्याकडेही एक.