चारशे मीटर चिखल

वेल्ह्याच्या अलीकडे आमची अकरा गुंठे जमीन आहे. 'जमीन' हा शब्द मी कोथरूडमध्ये वापरतो. तिथले लोक तिला 'तो उतार' म्हणतात. डांबरी रस्ता संपतो तिथून आमच्या फाटकापर्यंत चारशे मीटरची वाट आहे. उन्हाळ्यात तिथे धूळ असते, हिवाळ्यात खडी. जून ते सप्टेंबर जे काही असतं, त्याला वाट म्हणायचं की भातखाचर, यावर तिथल्या बेडकांचंही एकमत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझी हॅचबॅक त्यात रुतली. पुढचं डावं चाक जीव खाऊन गरगरत होतं आणि उजवं चाक जागचं हलत नव्हतं. तासाभरानं शेजारच्या शेतातले तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी दोर बांधून गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत आणि जाताना म्हणाले, "सायेब, फुडच्या टायमाला गाडी वर डांबरीलाच लावा आन् चालत या."

पुणेकराला कुणी इतका सरळ आणि फुकट सल्ला दिला, की त्याला त्यात काहीतरी खोट दिसते. मी दुसऱ्या दिवसापासून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, बघायला लागलो.

आता फोर बाय फोर घ्यायची हे ठरवायला मला एक संध्याकाळ लागली. पण कंपनीकडून सगळं बसवून आलेली घ्यायची, की साधी घेऊन बाहेरून 'करून घ्यायची' (इंग्रजीत याला आफ्टरमार्केट म्हणतात), हे ठरवायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मला कळलं, की पुण्यात या बाबतीत दोन धर्मपीठं आहेत. एक एआरएआयच्या टेकडीवर आणि दुसरं गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत.

टेकडीचं पीठ आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतं. काकांनी नोकरीची सगळी वर्षं टेकडीवर काढली. रोज सकाळी हजारो माणसं ढेकर देत आणि शुगरची चर्चा करत ज्या टेकडीवर फिरतात, तिला एआरएआयची टेकडी का म्हणतात हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. तिथे १९६६ पासूनची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, गाड्यांचं बरंवाईट तपासणारी. त्यामुळे कुठल्याही गाडीबद्दल काका सासऱ्यानं जावयाची चौकशी करावी तसे बोलतात. ज्या बोल्टची परीक्षा झालेली नाही, तो बोल्ट त्यांच्या लेखी बोल्टच नव्हे.

नाना पेठेचं पीठ म्हणजे माझा मेहुणा. हा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये असतो. देवानं जग बनवलं ते बेस मॉडेल म्हणून, आणि उरलेलं माणसानं करून घ्यायचं असतं, अशी त्याची श्रद्धा आहे. त्याच्या बुलेटमध्ये कंपनीचं म्हणावं असं आता फक्त आरसी बुक उरलंय.

"दाजी, तुम्ही पॅकेजवाले," तो म्हणाला. "कार्यालयाचं पॅकेज घेतलं की अळूची भाजी पातळच येते. हॉल त्यांचा घ्यावा, आचारी आपला आणावा."

"आणि आचाऱ्यानं ऐन वेळी गॅसचा सिलिंडर उडवला, तर हॉलवाला जबाबदार नाही," काका म्हणाले. वॉरंटी हा विषय मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी समजावून सांगितलेला नाही.

मुळात माझी हॅचबॅक का रुतली, तेही काकांनीच सांगितलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल असतो. रस्त्यावर तो गुणी असतो. पण एक चाक चिखलात घसरायला लागलं, की सगळं फिरणं त्याच्याच वाट्याला जातं, कारण त्याचा विरोध सगळ्यात कमी. दुसऱ्या, जमिनीवर घट्ट बसलेल्या चाकाला जोर मिळतच नाही. आमच्या सोसायटीची मीटिंगही याच तत्त्वावर चालते. बोलणं सगळं ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याचं, आणि ज्याला खरंच काही माहीत आहे तो गप्प. डिफरन्शियलचा लॉक म्हणजे दोन्ही चाकं एका दाव्याला बांधायची. फिराल तर दोघं फिराल.

हे कळल्यावर मी शोरूममध्ये फार आत्मविश्वासानं गेलो. तिथे एक थार उभी होती, किंमत माझ्या बजेटच्या चक्क आत. मी लॉकबद्दल विचारलं. शोरूममधला तरुण घसा खाकरून म्हणाला, "सर, ही रिअर व्हील ड्राइव्ह आहे."

म्हणजे दिसायला थार, रुबाब थारचा, आणि जोर फक्त मागच्या चाकांना. २०२३ पासून अशीही मिळते. मी मेहुण्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो 'करून घेऊ' न म्हणता गप्प राहिला. जोर पुढच्या चाकांकडेही वळवणारी ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल, पुढचा शाफ्ट हे सगळं बाहेरून घालायचं म्हणजे बनियनपासून सदरा शिवायला घेण्यासारखं आहे. लाइट, बंपर, टायर नंतर येतात. फोर बाय फोर जन्मालाच यावी लागते. नवीन माणसानं या विषयात एवढं एक ध्यानात ठेवलं तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

"तसंही ऑफ-रोडला कुणी नेत नाही, सर," तो तरुण माझं सांत्वन करत म्हणाला. मग त्यानं फोर बाय फोरचे आकडे सांगितले. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. मी मनातल्या मनात तिला मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलावर उतरवलं. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की पोलीस तो पूल आधीच बंद करतात. म्हणजे माझी गाडी बॅरिकेडपर्यंत बाकीच्यांइतकीच सहज जाणार.

मग आकुर्डीच्या गुरख्यानं मला वेड लावलं. फोर्स गुरखा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलना लॉक कंपनीचेच. इंजिनाला उंचावरून हवा देणारा नळ, म्हणजे स्नॉर्कलही कंपनीचाच, आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जायची मुभा. शिवाय ही कंपनी म्हणजे आपली जुनी बजाज टेम्पो. मराठीत मालाच्या प्रत्येक गाडीला आपण टेम्पो म्हणतो ती यांचीच पुण्याई. मेहुण्यालाही ती पटली, कारण त्यानं ज्याची यादी केली असती ते निम्मं तिच्यावर आधीच होतं. उरलेल्या निम्म्याची यादी त्यानं तिथेच केली.

ती यादी घेऊन आम्ही एका शनिवारी नाना पेठेत गेलो. तिथल्या गल्ल्यांत गाडीचा कुठलाही अवयव मिळतो. काउंटरवरच्या माणसानं यादीकडे न बघता विचारलं, "ओरिजिनल पाहिजे, ओरिजिनलसारखं पाहिजे, की चालतंय?" 'चालतंय' हा मालाचा तिसरा दर्जा आहे हे मला तिथे कळलं. मेहुण्याचा चेहरा पंढरीत पोचल्यासारखा झाला होता.

संध्याकाळी यादी काकांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती उत्तरपत्रिकेसारखी तपासली.

"हे मोठे टायर. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर कमी दाखवणार. ऐंशीनं जाताय असं वाटेल आणि दंडाची पावती वेगळंच सांगेल. ॲव्हरेज पडणार ते निराळंच. पुढं रुतलेली गाडी दोरानं ओढायचं विंच आणि लोखंडी बंपर. एवढं वजन नाकावर आलं की स्प्रिंग दबणार. म्हणून गाडी उंच करायची ही दोन इंचाची लिफ्ट. लिफ्ट केली की शाफ्टचे कोन बदलणार, गाडी वळणावर डुलणार. म्हणून शॉकॲब्सॉर्बर. तुम्ही गाडी नीट करताय, का आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करताय?"

"काका, सगळे करतात," मेहुणा म्हणाला.

"बंपरपुढचे ते लोखंडी पाइप २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारनं बंद केलेत. धडकेचा हिशोब त्यानं बदलतो, एअरबॅग चुकीच्या क्षणी उघडेल किंवा उघडणारच नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, आरसीत नोंदलेलं आणि कंपनीनं ठरवलेलं बदलता येणार नाही."

"आरटीओत न्यायच्या दिवशी काढून ठेवायचं!"

"बंपर काढाल. पण उद्या दुसऱ्या गाडीला स्नॉर्कल बसवायला पत्र्याला भोक पाडाल, ते कुठं काढून ठेवाल?"

यावर मेहुण्यानं चहा मागितला.

तरीही माझा जीव गुरख्यातच होता. नुसती गुरखा, वर काही नाही, यावर काका आणि मेहुणा दोघंही माझ्या बाजूनं आले होते. आठ महिन्यांतला हा ऐतिहासिक क्षण. तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "साहेब, खाली जाईल का पण?"

आमच्या बेसमेंटच्या तोंडाशी 'उंची २.१ मीटर' अशी पाटी आहे. गुरखा दोन मीटरच्या वर सात-आठ सेंटिमीटर. म्हणजे कागदावर जात होती. पण काकांचा कागदावर विश्वास असला तरी बिल्डरच्या कागदावर नाही. रात्री साडेनऊला आम्ही चौघं, एक टेप आणि जळमटं काढायचा लांब झाडू घेऊन खाली उतरलो. तुळईची उंची २ मीटर १० बरोबर. पण उतार संपतो तिथेच तुळईखालून एक जाड पांढरा पाइप आडवा गेला होता. त्याच्या खालून मोजलं तर १ मीटर ९६.

हा पाइप मंजूर नकाशात नाही. सेक्रेटरींनी सात वर्षांपूर्वी घरात दुसरं बाथरूम काढलं, तेव्हा तो आला.

"बघा," काका झाडू वर करून म्हणाले. "याला म्हणतात आफ्टरमार्केट."

"टायरची हवा कमी करून घुसवू," मेहुणा म्हणाला. कुणी हसलं नाही. पाइप हलवायचा म्हणजे जनरल बॉडी बोलवायची आणि तिथे डिफरन्शियलचं ते तत्त्व पुन्हा लागू व्हायचं. एका बाथरूमच्या सांडपाण्यासमोर दोन्ही ॲक्सलचे लॉक हरले. मला खरोखर वाईट वाटलं. अजूनही पौड रोडला गुरखा शेजारून गेली की मी तिच्या टपाकडे बघतो.

बायको आठ महिने या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बिल्डरकडून न घेता मीच बाहेरून करून घेतल्या होत्या, त्यातली तिसरी गेली सहा वर्षं गुडघा लावल्याशिवाय बंद होत नाही. त्यामुळे तिचं मत काय असणार याचा मला अंदाज होता. त्या रात्री ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली.

"पावसाळ्यात आपण प्लॉटवर किती वेळा जातो?"

"चारदा."

"जाऊन येऊन आठशे मीटर. चार वेळा म्हणजे तीन किलोमीटर दोनशे मीटर. गाडी दहा वर्षं वापरू. म्हणजे आयुष्यात एकूण बत्तीस किलोमीटर चिखल." मग तिनं मेहुण्याची नवी यादी उचलली. गुरखा गेल्याचं कळल्यावर त्यानं रात्रीतच थारसाठी नवीन करून पाठवली होती, टपावरच्या रॅकसकट. "साडेचार लाख भागिले बत्तीस. किलोमीटरला चौदा हजार. अरे, रात्री बारानंतर रिक्षावालासुद्धा एवढे मागत नाही."

शेवटी फोर बाय फोर थार घेतली, पक्क्या टपाची, कंपनीतून आली तशी. उंची साधारण १ मीटर ८५. पाइपाखालून अकरा सेंटिमीटर ठेवून जाते. रॅक लावला असता तर सेक्रेटरींचं बाथरूम टपावर घेऊनच बाहेर पडलो असतो. टायर कंपनीचेच, चिखल आणि डांबर दोन्हीला बऱ्यापैकी चालणारे. मेहुण्यानं काळं फासल्यासारखा चेहरा करून पेढा खाल्ला आणि आहेर म्हणून हवा भरायचा एक छोटा पंप दिला, बारा व्होल्टवर चालणारा. आमच्या गाडीत बाहेरून आलेली तेवढी एकच वस्तू. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "हे चालेल" म्हणाले. दोन्ही पीठांचं एकमत झालेली ती जगातली एकमेव वस्तू असावी.

कारण चिखलात टायरची हवा कमी करायची असते. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त जागा धरतो आणि रुतण्याऐवजी तरंगत गेल्यासारखा जातो. याला खर्च शून्य. आठ महिने आम्ही ज्यावर भांडलो, त्यातलं सगळ्यात उपयोगी काम फुकट होतं, आणि मेहुण्यानं ते बेसमेंटमध्ये चेष्टेत सांगितलं होतं.

या जुलैत गेलो. डांबर संपलं तिथे उतरलो, चारही टायरची हवा अठरा पीएसआयवर आणली, छोटा दांडा ओढून फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये टाकला. पहिल्या डबक्यात छाती धडधडली. तिसऱ्यात मी शीळ घालत होतो. चारशे मीटर गाडी म्हशीसारखी संथ, ठाम चालली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. बायको म्हणाली, "एवढंच होतं?" मला हे कौतुक वाटलं.

परत येताना डांबराला लागलो. अठरावर पुण्यापर्यंत जाता येत नाही. हवा कमी असली की डांबरावर टायर तापतो. म्हणून पंप काढला. पंप छोटा, टायर अठरा इंची. एकेक टायर सात-आठ मिनिटं घेत होता, आणि मधे पंपच तापला म्हणून त्याला विश्रांती द्यावी लागली. पाऊस बारीक चालू होता. मी तिसऱ्या चाकाशी उकिडवा बसलो होतो, तेव्हा तात्या खांद्यावर इरलं घेऊन आले. गाडीला एक फेरी मारली. टायर बघितला, पंपाचा घुर्र घुर्र आवाज ऐकला, घड्याळात बघितलं.

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास होईल."

"चांगली हाय गाडी," तात्या म्हणाले. "पन सायेब, हितंच लावून चालत गेला असता, तर येव्हाना च्या पिऊन परत आला असता."