‘आकडे भरणं थांबवा, आजार रोखा’ या मेसेजला उत्तर

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कॅन्सर असे दीर्घकालीन आजार रोखण्यासाठी जे सार्वजनिक कार्यक्रम चालतात, त्यांच्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रतिबंधाचं फळ दिसायला वीस वर्षं लागतात, त्यामुळे दरवर्षी प्रगती मोजण्यात अर्थ नाही. एवढं मोजूनही रुग्ण वाढतच आहेत, म्हणजे कार्यक्रम फसले. किती लोकांची तपासणी झाली हा एक आकडा पुरे. नोंदी, सर्वेक्षणं आणि अहवाल यांवरचा पैसा औषधांना द्या, कारण ते अहवाल वाचतं कोण?

हे लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण त्याचं ऐकलं तर नुकसान रुग्णांचंच होईल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘फळ दिसायला वीस वर्षं लागतात’

मृत्यूंचे आकडे हळू हलतात, हे मान्य. पण त्याच्या कितीतरी आधी ज्या गोष्टी बदलतात त्या मोजता येतात. जेवणातलं मीठ कमी झालं की रक्तदाब काही आठवड्यांत उतरू लागतो. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगते. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्मा व्हायला मात्र दहाएक वर्षं जातात. म्हणजे कोणता बदल कधी दिसायला हवा, याचा अंदाज आधीच बांधता येतो. वेळापत्रकाप्रमाणे तो दिसला नाही, तर दिशा बदलायला वीस वर्षं थांबावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये तयार खाद्यपदार्थांतलं मीठ टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं गेलं. परिणाम तपासायला लोकांना ‘मीठ कमी खाता का?’ एवढंच विचारून भागवलं नाही. नमुन्यादाखल निवडलेल्या लोकांची चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजलं. 2000-01 मध्ये माणशी रोजचं मीठ सुमारे 9.5 ग्रॅम होतं, 2011 मध्ये 8.1 ग्रॅम. त्यानंतर घसरण अडली, हेही त्याच मोजणीने दाखवलं.

याहून जुनं उदाहरण फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया प्रांताचं. 1972 मध्ये तिथे हृदयविकाराविरुद्ध मोहीम सुरू झाली, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी लोकांचं धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची मोजणी झाली. तुलनेसाठी शेजारच्या कुओपिओ प्रांतातही तीच मोजणी केली. मग दर पाच वर्षांनी पुन्हा. पुढच्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. धोके कुओपिओतही कमी होत गेले, आणि मग ‘श्रेय नेमकं किती मोहिमेचं?’ यावर अभ्यासकांत खरा वाद झाला. सुरुवातीची नोंद आणि तुलनेचा प्रांत नसता तर तो वाद घालायलाही काही हाती नसतं. मोहिमेचा नुसता जयजयकार झाला असता.

‘रुग्ण वाढले, म्हणजे कार्यक्रम फसला’

कार्यक्रम नीट सुरू झाला की सुरुवातीला नोंदलेले रुग्ण वाढतातच, कारण आजवर न सापडलेले सापडू लागतात. उपचार मिळून माणसं जास्त जगली तरी एकूण रुग्णसंख्या वाढते. लोकसंख्येचं वय वाढलं तरी वाढते, म्हणून तुलना करताना वयाचा फरक काढून टाकावा लागतो. नवे रुग्ण किती आणि एकूण रुग्ण किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. मेसेजने ते एकत्र केले आहेत.

‘तपासण्यांचा आकडा पुरे’

मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला. दक्षिण कोरियात कॅन्सर तपासणीच्या लाटेत थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण 1993 च्या सुमारे 15 पट झालं. त्यापासून होणारे मृत्यू मात्र जवळपास होते तिथेच राहिले. हजारो लोकांची शस्त्रक्रिया अशा गाठींसाठी झाली ज्यांनी त्यांना कधी त्रास दिला नसता. तपासण्या आणि निदान एवढंच मोजलं असतं तर हे घवघवीत यश ठरलं असतं.

रक्तदाबात अडचण उलटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो असल्याचं माहीत नाही आणि आटोक्यात आहे तो साधारण पाचांतल्या एकाचा. तपासणी ही पहिली पायरी. पुढे निदान, औषध, औषध चालू ठेवणं, दाब आटोक्यात येणं, आणि प्रत्येक पायरीवर माणसं गळतात.

इथे भागाकार कशाने करता यावर सगळं अवलंबून असतं. समजा एका केंद्रात 1000 रुग्ण नोंदलेले आहेत. या तिमाहीत 400 आले, त्यांतल्या 280 जणांचा दाब 140/90 च्या खाली होता. अहवालात ‘70 टक्के नियंत्रण’ लिहिता येतं, आणि आलेल्या 400 पुरतं ते खोटंही नाही. पण नोंदलेल्या सगळ्यांचा हिशेब धरला तर नियंत्रण 28 टक्के आहे. न आलेले 600 कुठे गेले? औषध संपलं, केंद्र लांब पडलं, रोजंदारी बुडेल म्हणून आले नाहीत, की बरं वाटतं म्हणून गोळ्याच सोडल्या? पक्षाघात होण्याची भीती याच लोकांना अधिक आहे. म्हणून न आलेल्याला ‘नियंत्रणात नाही’ असंच धरायचं आणि त्यांची यादी काढून फोन करायचा, हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. नोंदवही नसेल तर फोन कुणाला करणार?

‘तो पैसा औषधांना द्या’

या तक्रारीत तथ्य आहे. एकच माहिती तीन नोंदवह्यांत आणि दोन ॲपमध्ये भरायला लावली, तर परिचारिकेचा रुग्णाला द्यायचा वेळ जातो आणि कंटाळून भरलेले आकडेही निरुपयोगी होतात. रक्तदाबाच्या नोंदींत शेवटचा अंक सारखा शून्य दिसू लागला की समजावं, यंत्राकडे नीट पाहिलं जात नाही. पण त्यावर इलाज थोडं आणि नेमकं मोजण्याचा आहे. 2013 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सगळ्या असंसर्गजन्य आजारांसाठी मिळून 9 उद्दिष्टं आणि 25 निर्देशक, म्हणजे प्रगती मोजायचे आकडे, ठरवले. एका केंद्राला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पुरतील, आणि उरलेलं दर काही वर्षांनी नमुना सर्वेक्षणातून कळतं. शिवाय कुठे किती औषध लागेल, हे ठरवायलाही किती रुग्ण नियमित येतात ते माहीत असावंच लागतं.

‘अहवाल वाचतं कोण?’

शंभर पानी अहवाल कुणी वाचत नाही, खरं आहे. मग एक पान काढा: नोंदलेले किती, आलेले किती, नियंत्रणात किती, आणि हेच आकडे स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, जवळचे-लांबचे असे वेगळे. सरासरी सुधारत असताना एखादी वस्ती मागे पडत असेल तर ती तिथेच दिसेल. ते पान केंद्राच्या भिंतीवर लावा आणि ज्या केंद्राचा आकडा वाईट आहे त्याला शिक्षा करू नका, मदत पाठवा. शिक्षेची भीती घातली की नोंदवहीत रक्तदाबाच्या 144 चे 138 व्हायला वेळ लागत नाही.