बोंजूर म्हणायला लाज वाटत नाही

आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, पहिलीपासून हिंदी हवी की नको. अरे 29 जून 2025 ला फडणवीसांनी दोन्ही जीआर मागे घेतले, नरेंद्र जाधवांची समिती नेमली, 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका स्टेजवर येऊन गळ्यात गळे पण घालून झाले. तरी एक जण (पवईत राहतो, मुलं आयबी बोर्डात) लिहितो, "जगात कुठेही भाषेची सक्ती नसते, जरा बाहेर पडून बघा."

मी बाहेरच आहे ना बाबा. नऊ वर्षं. मॉन्ट्रियालमध्ये, कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात.

इथे 1977 पासून बिल 101 आहे, म्हणजे फ्रेंच सक्तीचा कायदा. आमच्यासारख्यांच्या पोरांना सरकारी इंग्लिश शाळेत प्रवेशच नाही, विषय संपला. 2022 च्या नवीन कायद्याने तर येऊन सहा महिने झाले की सरकारी पत्रव्यवहारसुद्धा फ्रेंचमध्येच. 2017 ला इथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी "बोंजूर-हाय" (फ्रेंच नमस्काराला जोडून इंग्लिश हाय) नको, नुसतं "बोंजूर" म्हणावं. आमचा कोपऱ्यावरचा डेपवाला (किराणा दुकानदार) जाफन्याचा तमिळ, तोही बोंजूर म्हणतो, मीही म्हणतो, मग आम्ही दोघं हळू आवाजात इंग्लिशवर येतो. मीरारोडला मराठी बोलण्यावरून त्या दुकानदाराला मारलं ते मला बिलकुल पटलेलं नाही. इथे कानाखाली मारत नाहीत, इन्स्पेक्टर पाठवतात. आता 2013 ला एका इटालियन हॉटेलच्या मेनूवर "पास्ता" लिहिलंय, फ्रेंच शब्द नाही, म्हणून इथल्या भाषा इन्स्पेक्टरांनी पत्र धाडलं होतं आणि जगभर हसं झालं, पण ते मी ग्रुपवर कशाला सांगू.

ग्रुपवर दुसरा लगेच म्हणाला, तू गेलास ना सोडून, आता शिकवू नकोस. लागलं. कारण फ्रेंचची परीक्षा मी पस्तिसाव्या वर्षी, उणे वीसमध्ये, ऑफिस सुटल्यावर क्लासला जाऊन दिली, पीआर (इथे कायम राहायचा परवाना) हवा होता म्हणून, आणि एकदाही तोंडातून सक्ती हा शब्द निघाला नाही. त्याआधी हिंजवडीत होतो. आठ जणांची टीम, सात मराठी, एक लखनौचा. जेवायच्या टेबलावर सगळे हिंदीत, त्याला वाईट वाटेल म्हणून. तो गावाला गेला तरी आठवडाभर हिंदीतच चालू, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिथे कुठला जीआर होता? पाच वर्षांत त्या लखनौवाल्याला मी मराठीतलं एक वाक्य शिकवलं नाही, आणि आता इथे बसून "अभिजात दर्जा मिळाला हो" चे मेसेज फॉरवर्ड करतो.

काल मुलगी शाळेतून आली, ओली टूक (लोकरीची टोपी) हीटरवर फेकली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याकडे भूक आहे." फ्रेंचमध्ये तसंच म्हणतात. बायकोने माझ्याकडे बघितलं, आता हा दुरुस्त करणार म्हणून. मी पोळी गरम करायला ठेवली.