गाडीतल्या छोट्या सोयींविषयी थोडे सविस्तर

ठाण्यात गाडी घ्यायला निघालेल्या कोणत्याही कुटुंबाबरोबर शोरूममध्ये जाऊन पाहावे, बोलणे सनरूफ, स्क्रीनचा आकार, मायलेज आणि मासिक हप्ता यांच्याभोवतीच फिरत राहते. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र घोडबंदर रोडच्या रोजच्या कोंडीत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडी आवडत राहते की नकोशी होते, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात, आणि त्या इतक्या लहान असतात की माहितीपत्रकात त्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही. गाडी वापरणारा माणूस नेमक्या कोणत्या क्षणी अडेल, याचा कोणीतरी आधीच बसून विचार केलेला असतो, आणि तो विचार हाताला लागतो तेव्हा गाडीविषयी खरी आपुलकी वाटू लागते.

पेट्रोलच्या काट्याजवळचा छोटा बाण हे याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण आहे. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, एवढेच तो सांगतो. फोर्ड कंपनीतील अभियंते जिम मॉयलन १९८६ मध्ये कंपनीच्या एका गाडीत पेट्रोल भरायला गेले असता त्यांनी ती चुकीच्या बाजूने लावली आणि भर पावसात ते भिजले. परत आल्यावर त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहून काट्याशेजारी बाण छापण्याची सूचना केली. १९८९ सालच्या फोर्ड एस्कॉर्ट आणि मर्क्युरी ट्रेसर या मॉडेलांत तो बाण आला आणि पुढे जगभरच्या गाड्यांत पसरला. यात ना मोटर आहे ना सेन्सर, खर्च केवळ छपाईचा. ज्या पंपांवर रांग थेट सर्व्हिस रोडपर्यंत येते तिथे, विशेषतः दुसऱ्याची किंवा भाड्याची गाडी हातात असताना, या बाणाचे मोल कळते.

पावसाळ्याचा विचार केलेली गाडी तर लगेच ओळखू येते. ओली छत्री ठेवायची कुठे, हा प्रश्न जून ते सप्टेंबर आपल्याला रोज पडतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याचे उत्तर पायाखालची चटई हेच असते. स्कोडाने २००१ च्या सुपर्बमध्ये मागच्या दारातच छत्रीसाठी नळीसारखा कप्पा दिला. टाटाच्या नेक्सॉनमध्येही पुढच्या दारांत छत्रीसाठी जागा आहे, आणि कोकण किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला ती सनरूफपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे मी जबाबदारीने म्हणते. काही गाड्यांत पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स गिअर टाकला की मागचा वायपर आपोआप फिरतो. सोसायटीच्या अरुंद रॅम्पवरून मागे येताना, पाऊस कोसळत असताना, न सांगता पुसली गेलेली ती काच पाहून मला दरवेळी मनापासून बरे वाटते.

याच पावसात काचेवर आतून वाफ धरते आणि हवेचा झोत काचेकडे वळवून एसी चालू करावा लागतो. हे काम नजर रस्त्यावरून न हलवता करता आले पाहिजे. गोल फिरणारी कळ बोटांना सापडते, तिचे टप्पे जाणवतात आणि काही दिवसांत हाताला तिची जागा पाठ होते. सपाट काचेच्या पडद्यावर, म्हणजे टचस्क्रीनवर, बोटांना काहीच सापडत नाही, तिथे पाहावेच लागते. स्वीडनमधील ‘वी बिलागारे’ या वाहनविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना हवेचे तापमान वाढवणे, रेडिओचे केंद्र लावणे यांसारखी ठरावीक कामे करायला बटणे असलेल्या २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सर्वांत मागे पडलेल्या पडदेवाल्या नव्या गाडीत तीच कामे करायला ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. युरोपातील सुरक्षा-चाचणी करणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदतीचा कॉल यांच्यासाठी प्रत्यक्ष कळा किंवा बटणे असण्याला महत्त्व दिले, याचे मी मनापासून स्वागत करते. आपल्याकडे मात्र पडदा जितका मोठा तितकी गाडी आधुनिक, हा समज अजून घट्ट आहे.

रात्रीच्या घोडबंदर रोडवर जेएनपीटी बंदराकडून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक मागे असतात आणि त्यांचे प्रखर दिवे आरशातून थेट डोळ्यांत येतात. आरशाखालची एक छोटी पट्टी मागे-पुढे केली की तो त्रास थांबतो. त्या आरशाची काच किंचित पाचरीसारखी असते. पट्टी हलवल्यावर चांदीचा मुलामा असलेल्या मागच्या पृष्ठभागावरचा उजेड छताकडे जातो आणि पुढच्या काचेवरून परावर्तित होणारा जेमतेम चार टक्के उजेडच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. वीज नाही, बिघडण्यासारखे काही नाही. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दारांतील त्रिकोणी काचही याच जातीची होती: ती वळवली की चालत्या गाडीत वाऱ्याची झुळूक नेमकी अंगावर येत असे.

होंडाच्या जॅझमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या आसनाखाली न ठेवता पुढच्या आसनांखाली ठेवलेली होती. त्यामुळे भारतात २०१५ मध्ये आलेल्या जॅझच्या मागच्या आसनांची बैठक उभी दुमडता येई आणि खाली जमिनीपासून छतापर्यंत उंच, सपाट जागा मोकळी होई. गणेश चतुर्थीच्या आधी मूर्ती कोणाच्या मांडीवर न देता सरळ उभी आणता येईल, इतकी ती जागा होती. पुढे २०१८ च्या सुधारित रूपातून ही आसने काढून टाकण्यात आली. जाहिरातीत मोठी दिसणारी गोष्ट कोणी कमी करत नाही. कात्री लागते ती अशा सोयींना, कारण त्या गेल्याचे शोरूममध्ये कोणाच्या लक्षात येत नाही.

माझी उंची कमी आहे, म्हणून मला याची सर्वाधिक बोच लागते ती सीटबेल्टच्या बाबतीत. दाराच्या खांबावरची पट्ट्याची कडी खाली-वर करता आली, तर पट्टा खांद्यावरून नीट जातो. नाही आली, तर तो मानेवर घासत राहतो, आणि मग माणसे तो काखेखालून घेतात, जे अपघातात अत्यंत घातक ठरू शकते. तरीही ही कडी आणि चालकाच्या आसनाची उंची बदलण्याची सोय अनेक गाड्यांच्या स्वस्त व्हेरिअंटमध्ये नसते, जणू कमी पैसे देणारी माणसे एकाच उंचीची असतात. मागच्या दारावरच्या छताला हाताने धरायची मूठ नसली की गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना उतरताना पुढच्या आसनाचा आधार शोधावा लागतो. टाटाच्या अल्ट्रोझची दारे ९० अंशांपर्यंत उघडतात, त्याचा अशा माणसांना फार उपयोग होतो, अर्थात शेजारची गाडी तेवढी जागा देत असेल तर.

टेस्ट ड्राइव्हला बहुधा महागडेच व्हेरिअंट देतात. म्हणून आपण घेणार आहोत तेच व्हेरिअंट दाखवायला सांगावे, ते नुसते उभे असले तरी चालेल, आणि घरातील सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीने चालकाच्या जागी, तर सर्वांत वयस्कर व्यक्तीने मागे बसून, पट्टा लावून, एकदा उतरून आणि पुन्हा चढून पाहावे. सेल्समनला घाई असली तरी एवढा वेळ मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.