तीन दिवस आणि पाच महिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्यातल्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचं २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलेलं उद्घाटन तीन दिवस रखडलं, त्यावर मी चिडून लिहिलं. त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, "पुणेकर इतकी वर्षं थांबले, तिथं तीन दिवसांचं काय घेऊन बसलात? भुयारी मेट्रो म्हणजे घरचा नळ नव्हे, फिरवला की पाणी. घाईत काही झालं तर तुमच्यासारखेच पहिले ओरडतील." शेवटी विचारलंत, "मग कार्यक्रम करायचेच नाहीत का?"

आधी माझं चुकलं ते सांगते. डिसेंबर २०१६ च्या भूमिपूजनापासूनचा सगळा काळ मी एकाच रागात मोजला. तसं करायला नको होतं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा मुठेच्या पात्राखालून, कसबा पेठेच्या आणि मंडईच्या पोटातून जातो. वर जुनी घरं, चिंचोळे बोळ, दिवसभराची वर्दळ. तिथं बोगदा खणणारं यंत्र सावकाशच जाणार, आणि जावं. जागा मिळेना, करोनात कामगार गावी गेले, अशा कारणांनी झालेल्या उशिरावर भांडता येतं. पण तो कामाचा उशीर असतो. मी ज्यावर लिहीत होते तो काम संपल्यानंतरचा आहे.

सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि नेमका तोच इथं लागू होत नाही. मेट्रो प्रवाशांसाठी खुली करायची तर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. रूळ, सिग्नल, ब्रेक, दरवाजे, आग लागली तर बाहेर पडायची वाट, सगळं बघून ती मिळते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रेल्वे चालवणाऱ्याच्या हाताखाली तपासणारा नसावा, म्हणून ही रचना. मला ती मनापासून पटते, आणि त्यांनी वर्षभर थांबवलं तरी मी अवाक्षर काढणार नाही. पण २६ सप्टेंबरला उद्घाटन करून मार्ग खुला करायचं ठरलं होतं, म्हणजे तपासणी त्याआधीच उरकली होती. पावसाने रद्द झाला तो पंतप्रधानांचा दौरा. रुळांचं काही राहिलं नव्हतं. २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं. मग ते २६ लाच का नाही झालं?

आता तीन दिवसांवर मी एवढी का चिडले, ते. मी तळोज्यात राहते, नोकरी बेलापूरला. आमच्या नवी मुंबईतल्या बेलापूर ते पेंधर मेट्रोची पायाभरणी १ मे २०११ ला झाली. ११ किलोमीटर, ११ स्थानकं. जून २०२३ मध्ये संपूर्ण मार्गाला सुरक्षा प्रमाणपत्र मिळालं. प्रवासी चढले १७ नोव्हेंबरला. मधले जवळपास पाच महिने मोठ्या पाहुण्यांच्या तारखेच्या नुसत्या चर्चा. शेवटी मुख्यमंत्र्यांनी समारंभाची वाट न बघता सेवा सुरू करा असं सांगितलं, आणि दुपारी तीनला गाडी सुटली. फीत नाही, मंडप नाही. काही अडलं नाही.

त्या पाच महिन्यांतली एक संध्याकाळ सांगते. पाऊस असा की छत्री उलटत होती. खारघर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, बेलापूरच्या एका कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. चप्पल काढून त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होत्या. रिक्षा मिळाली, मागे चौघी कोंबून बसलो. सेंट्रल पार्कपाशी कोंडीत अडकलो आणि डोक्यावरून मेट्रो गेली. सगळे दिवे लागलेले, डब्यातल्या दांड्यांना लोंबणारे हँडल एका लयीत हलत होते, आत एक माणूस नाही. बाई मान बाहेर काढून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्यासाठीच बांधलीय ना गं ही?" मला उत्तर देता आलं नाही.

रिकामी गाडी फुकट धावत नाही. वीज जळते, चालकांचे आणि स्थानकावरच्या माणसांचे पगार चालू राहतात, तिकिटाचा रुपया येत नाही. हे पैसे आपलेच. आणि त्या बाईंचे रोजचे दोन तास कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. पाच महिने आम्ही सोसले, म्हणून पुण्याचे तीन दिवस मला थोडे वाटत नाहीत. तीन दिवसांना "चालतंय की" म्हटलं, तर पाच महिन्यांना नाही म्हणायचं कुठल्या दिवशी?

कार्यक्रम जरूर करा. हजारो कामगारांनी जमिनीखाली राबून मार्ग उभा केला, त्यांना हार घाला, मीही टाळ्या वाजवायला येईन. फक्त गाडी आधी सोडा. प्रमाणपत्र हातात पडलं की त्याची तारीख स्थानकाच्या दारावर लावा आणि पंधरा दिवसांत प्रवासी घ्या, एवढंच माझं मागणं आहे. पाहुणे त्या पंधरा दिवसांत आले तर उत्तम. नंतर आले तर गर्दीने भरलेल्या गाडीत त्यांचं स्वागत करू.

मूळ लेखातलं "आठ वर्षं नुसती टाळाटाळ" हे वाक्य मी काढून टाकलं आहे, तुमच्यामुळे. बाकीचा लेख तसाच ठेवते.