छोटा हॉल, उंच माणसं

छोट्या हॉलमधे बँड बघायची मजाच वेगळी, एकदम जवळून दिसतो, असं जे जे लोक छातीठोकपणे सांगतात ते सगळे पाच फूट दहाच्या वरचे असतात. मी पाच फूट चार आहे, ते पण बूट घालून. आणि मी राहतो जर्मनीत. पुण्यात असताना ही उंची कधी मनावर घ्यायची वेळच आली नव्हती, पीएमटीत दांडीला हात पुरायचा, विषय संपला. इथे मात्र भाड्याच्या घरातला बाथरूमचा आरसा मला फक्त भांग दाखवतो. दाढी अंदाजाने.

स्टेडियममधे कसं असतं, बँड मुंगीएवढा दिसतो हे मान्य, पण बाजूला दोन अवाढव्य स्क्रीन असतात आणि गायकाच्या नाकावरचा घाम पण दिसतो. छोट्या हॉलमधे स्क्रीन नाही, स्टेज जेमतेम कमरेएवढं, जमीन सपाट, आणि हार्ड रॉक म्हटल्यावर खुर्च्या ठेवणं म्हणजे बँडचा अपमान. म्हणजे तुम्ही तीन तास कुणाच्या तरी पाठीसमोर उभे. जवळून दिसते ती पाठ.

तर बँड होता युराया हीप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, लंडनचा, 1969 चा बँड, नाव डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधल्या त्या हात चोळत 'मी आपला गरीब, नम्र माणूस' करत फिरणाऱ्या लबाड कारकुनाचं. डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ यांच्याच पंगतीतले, पण नाव त्यांच्याइतकं नाही झालं. 1970 ला पहिला अल्बम आला तेव्हा रोलिंग स्टोन मासिकात एका बाईंनी लिहिलं होतं की हा बँड चालला तर मला आत्महत्याच करावी लागेल. बँड चालला. पंचावन्न वर्षं उलटून गेली तरी चालतोय. बाईंनी शब्द पाळल्याचं काही ऐकलं नाही, आणि बरंच झालं.

मूळ मंडळींपैकी आता बँडमधे एकटा गिटारवाला मिक बॉक्स उरलाय, 1947 चा जन्म. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या साथीदारांपैकी गॅरी थेन 1975 लाच गेला, डेव्हिड बायरन 1985 ला, आणि ली कर्सलेक, केन हेन्स्ली दोघंही 2020 च्या त्या वाईट वर्षात लागोपाठ. आत्ताचा गायक बर्नी शॉ 1986 मधे आला, पण कट्टर फॅन लोक त्याला अजून 'नवीन गायक' म्हणतात. चाळीस वर्षं नोकरी करून प्रोबेशन संपत नाही बिचाऱ्याचं.

माझ्या कानावर हे सगळं चुलतभावाच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधून पडलं. दादा मुंबईला धोबी तलावच्या रंगभवनमधे आय-रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव बघायला जायचा आणि दुसऱ्या दिवशी बसलेल्या आवाजात आम्हाला वर्णन ऐकवायचा, आम्हाला कोणी नेत नव्हतं. त्या कॅसेटवर युराया हीपचं 'जुलै मॉर्निंग' होतं, साडेदहा मिनिटांचं गाणं, आणि दादाने टेपचा हिशोब न करता भरल्यामुळे बाजू संपायची मधेच. शेवटी जो मूग नावाचा सिंथेसायझर गिरक्या घेत जातो ना, जो बँडमधल्या कोणी नाही तर पाहुण्या मॅनफ्रेड मानने वाजवलाय, त्यातल्या दुसऱ्या की तिसऱ्या गिरकीला खट् आवाज येऊन टेपरेकॉर्डरचं बटण वर. माझ्या मते गाणं तिथेच संपत होतं. बल्गेरियात लोक 30 जूनच्या रात्री काळ्या समुद्राच्या काठी जमतात आणि 1 जुलैचा सूर्योदय बघतात, त्या प्रथेचं नावच या गाण्यावरून पडलंय. आमचा सूर्योदय व्हायच्या आत बटण उडायचं.

त्यामुळे निरोपाचा दौरा जाहीर झाला आणि आमच्या जवळच्या गावात एक तारीख दिसली तेव्हा मी तिकीट काढून मोकळा झालो. निरोपाचा दौरा या शब्दावर मराठी माणसाने फार विश्वास ठेवू नये हे मला कळतं, आपल्याकडे नाटकाचे 'शेवटचे काही प्रयोग' पोरं कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत चालू असतात तसंच हे. पण समोरच्याचं वय बघता रिस्क नको म्हटलं. बायकोने किंमत बघितली, मनात गुणिले शंभर केलं आणि एवढंच विचारलं, "अरे, पण तुला दिसणार आहे का काही?"

हॉल म्हणजे गावाचा बहुउद्देशीय हॉल. सकाळी शाळेची पोरं व्यायाम करतात, शनिवारी लग्न, मधे कधीतरी सशांचं प्रदर्शन, आणि आज हार्ड रॉक. लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या आणि हँडबॉलच्या रेघा, भिंतीवर वर दुमडून ठेवलेली बास्केट, आणि एकूण वातावरणाला खेळाच्या बुटांचा एक मंद वास. दारात सिक्युरिटी. नियम असा की ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नाही. माझी बॅग बसली नियमात, पण बायकोने त्यात फॉइलमधे गुंडाळलेला पोळी-भाजीचा रोल टाकला होता. त्या पोराने तो रोल हातात धरला, दाबून बघितला, वास घेतला, मग दुसऱ्याला बोलावलं, त्याने पण वास घेतला. मेथी होती. काय समजले कोण जाणे, पण मी तो तिथेच दारात उभा राहून संपवला आणि मागची लाइन शांतपणे बघत होती.

आत सरासरी वय पासष्ट. पांढऱ्या शेंड्या, जीनची बिनबाह्यांची जॅकेटं, त्यावर पन्नास वर्षांत शिवलेले बिल्ले, आणि सगळे, बायका धरून, सहा फुटी. एक गोष्ट मात्र जर्मन लोकांची मानली, आठ म्हणजे आठ. पाहुणा बँड आठ वाजता चालू, साडेआठला बंद. मग स्टेजवर एक माणूस येऊन प्रत्येक माइकमधे 'वन टू' म्हणून गेला, कोणीतरी जमिनीवर गाण्यांच्या यादीचा कागद चिकटवला, अक्षर एवढं मोठं की चष्म्याची गरज पडू नये. हे मला कसं दिसलं? तेव्हा लोक बीअर आणायला गेले होते. मी तिसऱ्या रांगेत होतो, हँडबॉलच्या रेघेवर, नजरेसमोर मोकळं स्टेज. दहा मिनिटं मी या पृथ्वीवरचा सुखी माणूस होतो.

मग दिवे गेले आणि काका आले. काका म्हणजे माझ्या बरोब्बर समोर येऊन उभा राहिलेला सहा फूट चार इंचाचा गृहस्थ, पाठीवर 'डेमन्स अँड विझर्ड्स'चं अख्खं मुखपृष्ठ. याच बँडचा 1972 चा अल्बम, रॉजर डीनने काढलेलं चित्र, सुंदर आहे. पुढचा अर्धा तास मी ते चित्र पाहिलं. त्यातला जादूगार, त्याचा झगा, धुण्यात विरलेला खालचा कोपरा, मला आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आवाज मात्र कोणाच्या पाठीने अडत नाही. इथे नियम आहे, अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि बारवर कानात घालायचे फोमचे बोळे फुकट मिळतात. मी घेतले नव्हते, म्हटलं आयुष्यभर दसऱ्याच्या मिरवणुका ऐकलेला माणूस मी, मला काय करणार 99. पहिल्याच गाण्याला ड्रमरने दोन्ही पायांनी बेस ड्रम चालू केला आणि पोटातला मेथीचा रोल तालावर हलायला लागला. ड्रमर फार भारी होता. दिसला नाही. त्या अर्ध्या तासात मला त्याची एकदा एक काठी दिसली, हवेत, बाकी सगळं ऐकीव.

त्यात काकांनी मोबाइल काढला. पाकिटासारखं कव्हर असलेला, झाकण खाली लोंबतंय, आणि हात सरळ वर. आधी मी वैतागलो, मग लक्षात आलं की अरे, स्क्रीन! स्टेडियमसारखा! काका शूटिंग करतायत आणि मला त्यांच्या मोबाइलवर मिक बॉक्स दिसतोय, तळहाताएवढा पण स्पष्ट, पांढरे केस आणि कानापर्यंत हसू. काकांचा अंगठा मधेमधे लेन्सवर यायचा तेव्हा स्टेजवर ग्रहण. तेवढं सोडलं तर उत्तम सोय, फक्त काकांना गिटारचंच वेड, ऑर्गनचा सोलो चालू झाला तरी कॅमेरा गिटारवर. शेवटी न राहवून मी त्यांच्या कोपराला हात लावून माझ्या जर्मनमधे म्हणालो, जरा डावीकडे घेता का. त्यांनी मान वळवली, आधी माझ्या डोक्यावरून मागे बघितलं, कोणीच नाही, मग खाली बघितलं. आणि खरं सांगतो, घेतला डावीकडे! ऑर्गनवाला फिल लॅन्झन मी पाहिला तो काकांच्या कृपेने.

मग बर्नी शॉ म्हणाला की आता एक नवीन गाणं. आणि तिथे मला छोट्या हॉलचं खरं गणित कळलं, सगळ्या बुटक्या रसिकांनी लिहून ठेवावं असं. जुन्या बँडने नवीन गाणं जाहीर केलं की निम्मा हॉल बीअरला जातो आणि उरलेल्यातला निम्मा बाथरूमला. वय पासष्ट, बीअर अर्धा लिटरची, कारणं दोन्ही बाजूंनी सबळ. बँडचा 2023 चा अल्बम वाईट नाही हो, चांगला आहे, पण पन्नास वर्षं जुन्या गाण्यासाठी आलेल्या माणसाला दोन वर्षांचं गाणं म्हणजे जाहिरातींचा ब्रेक. काका गेले, काकांच्या शेजारच्या काकू गेल्या, जंगल विरळ झालं आणि मी सरळ चालत दुसऱ्या रांगेत. मिक बॉक्स माझ्यापासून तीन हातांवर. तो माणूस एक सूर छेडतो आणि मग उजवा हात गिटारवरून हवेत असा फिरवतो की सूर त्यातूनच निघतोय असं वाटावं, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या दिसत होत्या, आणि बूट एकदम चकचकीत पॉलिश केलेले. घामाला टॉवेल नाही, पाण्याचा घोट नाही, दीड तास उभा, गुडघा धरत नाही. माझी कंबर नऊ वाजताच गेली होती.

बँडने अजून चारपाच नवीन गाणी घ्यावीत अशी मनोमन प्रार्थना करणारा त्या हॉलमधला मी एकटाच असणार. पण 'जुलै मॉर्निंग'चे पहिले सूर आले आणि सगळे हातात ग्लास घेऊन परत, भिंत जागच्या जागी. ग्लासाला दोन युरो डिपॉझिट असतं म्हणून कोणी रिकामा खाली ठेवत नाही, एकात एक घालून मनोरे घेऊन फिरतात, त्यातला एक मनोरा माझ्या खांद्यावर टेकला. चालायचं. डोळे मिटून ऐकलं. मूगच्या तिसऱ्या गिरकीला माझा अख्खा देह खट् आवाजाची वाट बघत होता. तो आला नाही, गाणं पुढे चालूच राहिलं, आणि मला पुढचं काहीच माहीत नव्हतं, शेजारचे सगळे कुठे मान हलवायची ते पाठ असल्यासारखे हलत होते आणि मी मागून.

त्यानंतर 'लेडी इन ब्लॅक'. हे गाणं म्हणजे जर्मनीत जवळजवळ राष्ट्रगीत, 1971 चं, पण इथे 1977 ला परत काढलं आणि तुफान चाललं. दोन कॉर्डवर सगळं गाणं, आणि धृपदाला शब्दच नाहीत, नुसतं आ-आ-आ, त्यामुळे मलाही पूर्ण येतं. लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलायला सुरुवात केली. डावीकडून काकूंनी टाकला, उजवीकडून काकांनी टाकला, दोघांच्या उंचीमुळे खांदे वर ओढले गेले आणि आ-आ-आच्या ऐन भरात माझे पाय जमिनीवरून सुटले. फार नाही, दोनेक इंच. पण त्या दोन इंचांत, देवाशपथ, मला पूर्ण स्टेज दिसलं! बेसवाला पण होता तिथे, इतका वेळ मला त्याचा पत्ताच नव्हता.

बाहेर पडताना टी-शर्टचं टेबल. म्हटलं आठवण म्हणून घेऊ. पोरगी म्हणाली एल पासून पाच एक्सएल पर्यंत आहेत, त्याच्या खाली नाही, मागणीच नसते. एल घेतला. घरी येऊन घालून दाखवला तर पाठीवरची गावांची यादी पार मांडीपर्यंत उतरलेली, आमचं गाव गुडघ्याच्या जरा वर. बायकोने चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "राहू दे, मला गाऊन होईल."