हरण्यातही शब्द न पाळणारा संघ

शुक्रवारी, २७ सप्टेंबर २०२४ ला, आमचा बेसबॉल संघ शिकागो व्हाइट सॉक्स डेट्रॉइटमध्ये ४-१ असे हरले आणि एका मोसमात १२१ पराभवांचा आधुनिक बेसबॉलमधला विक्रम त्यांनी परगावी जाऊन केला. मार्चच्या बोचऱ्या थंडीपासून पस्तिसाव्या रस्त्यावरच्या हिरव्या खुर्च्यांवर बसून ज्यांनी हा मोसम सोसला, त्यांच्या वाट्याला तो एवढासा क्षणही आला नाही. वर त्याच रात्री डेट्रॉइटचा संघ २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचला, म्हणजे आमच्या नाचक्कीच्या मुहूर्तावर त्यांनी स्वतःचा जल्लोषही उरकून घेतला.

पण माझा खरा राग आहे तो त्याआधीच्या मंगळवारचा. रविवारी सॅन दिएगोमध्ये १२० वा पराभव स्वीकारून, १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सची बरोबरी करून, मंडळी घरी परतली होती. समोर तीन सामने होते आणि तेही लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाशी, ज्यांचा स्वतःचा मोसम अखेर ९९ पराभवांवर थांबला. म्हणजे विक्रम घरच्या मैदानावर होणार हे शाळकरी पोरानेही सांगितले असते. मी मुद्दाम मंगळवारचे तिकीट काढले. साताऱ्याहून आईने फोनवर विचारले, "अरे, पक्षपंधरवडा चालू आहे, आत्ता कसली मॅच बघायला निघालास?" तिला काय सांगणार, की या पंधरवड्यात शुभ काही घडत नाही याच भरवशावर मी पैसे मोजले आहेत!

नऊपैकी सात इनिंगपर्यंत सगळे यथासांग चालले होते. आम्ही २-० असे मागे होतो, आणि या मोसमात सात इनिंगनंतर पिछाडीवर असताना आमच्या संघाने खेळलेल्या ९४ सामन्यांपैकी ९४ हरलेले होते. अपवादाला एकही नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ डोक्यावर वाणसामानाची खाकी कागदी पिशवी घालून बसले होते. डोळ्यांसाठी दोन भोके त्यांनी घरूनच पाडून आणली होती, पण एलोटे खायचे आहेत हे लक्षात आल्यावर तोंडापाशी तिसरे भोक बोटाने फाडले, आणि मग मेयोनेज, चीज, तिखट आणि लिंबू यांनी माखलेले मक्याचे दाणे चमच्याने आत ढकलताना निम्मे बाहेरच चिकटून राहिले. त्या माणसाइतकी मनापासून केलेली तयारी मी या वर्षी मैदानावर कोणाचीही पाहिलेली नाही.

आणि आठव्या इनिंगमध्ये आमच्या बहाद्दरांनी तीन धावा काढल्या! आमच्या बेनिनटेंडीच्या फटक्यावर आघाडी मिळाली तेव्हा आजूबाजूचे लोक आधी सवयीने ओरडले, मग आपण कशासाठी आलो आहोत ते आठवून त्यांतल्या काहींनी हुर्यो केली, आणि पाठोपाठ मालकाला उद्देशून "सेल द टीम", म्हणजे संघ विकून टाका, असा घोष सुरू झाला. मी स्वतः टाळीसाठी उचललेले हात हवेत तसेच धरून उभा होतो, कारण आनंद व्यक्त करावा की तिकिटाचे पैसे परत मागावेत हे ठरत नव्हते. अखेर ३-२ असा विजय झाला आणि रीतीप्रमाणे फटाके उडाले. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी पिशवी उतरवली, व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसासाठी खिशात ठेवली. तीही वाया गेली असणार, कारण बुधवारी आमचा संघ दहा इनिंग खेळून ४-३ असा जिंकला आणि गुरुवारी तर चक्क ७-० असा. सात धावा! जुलैमध्ये या सात धावा कोणत्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या, याचा खुलासा कोणीतरी करायला हवा.

कारण जुलै मी विसरलेलो नाही. १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात सलग २१ पराभव झाले आणि अमेरिकन लीगमधल्या १९८८ च्या बाल्टिमोरच्या विक्रमाशी बरोबरी झाली. ती मालिका तुटली तीसुद्धा ओकलंडमध्ये, आमच्यासमोर नव्हेच. त्याच जुलैत, ज्या डिलन सीसला आम्ही मार्चमध्ये सॅन दिएगोला देऊन टाकले, त्या गोलंदाजाने २५ तारखेला त्यांच्यासाठी नो-हिटर टाकला, म्हणजे सबंध सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही. बाल्टिमोरचे नाव निघालेच आहे तर २३ मेचा तो सामनाही काढतो. नववी इनिंग, दोन धावांची पिछाडी, एक गडी बाद, बेसवर दोन धावपटू आणि क्वचित जाणवणारी ती धुगधुगी. चेंडू उंच उडाला, पंचांनी इनफिल्ड फ्लाय (म्हणजे झेल सुटला तरी फलंदाज बाद) जाहीर केला, क्षेत्ररक्षकाने झेल घेतलाही, आणि दुसऱ्या बेसकडे परतणारा आमचा अँड्र्यू व्हॉन त्याच्या वाटेत आला म्हणून व्हॉनलाही, म्हणजे तिसरा गडी, बाद देऊन सामना तिथेच संपवला. पंचांना तसा निर्णय देणे बंधनकारक नव्हते, असे नंतर लीगनेच क्लबला कळवले. कळवले म्हणजे काय, पराभव तर खात्यावर चढलाच ना?

या सगळ्याला वरच्या मजल्यावर 'रीबिल्ड' म्हणतात. पुनर्विकासासाठी चाळ पाडून भाडेकरूंना संक्रमण शिबिरात धाडणारा बिल्डर निदान नव्या इमारतीचे रंगीत चित्र तरी दाखवतो, आमच्याकडे तेही नाही. २०२१ मध्ये हाच संघ ९३ सामने जिंकून विभागात पहिला आला होता. त्यानंतर पराभव ८१, मग १०१, आता १२१. इतकी शिस्तबद्ध प्रगती ठरवूनही साधत नाही. मेट्सचा १९६२ हा जन्माचा मोसम होता, त्यांना ते शोभून गेले. आमचा क्लब शंभरी ओलांडलेला आहे आणि २००५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकलेला आहे.

१९८१ पासून मालकीची सूत्रे जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहेत. १९८८ मध्ये संघ फ्लोरिडाला हलवण्याची भीती घालून राज्याकडून नवे मैदान मंजूर करून घेतले गेले, ते १९९१ मध्ये उभे राहिले, आणि या असल्या मोसमात पुन्हा सरकारी पैशाने आणखी नव्या मैदानाची बोलणी चालू होती. सध्याच्या मैदानाला एका गृहकर्ज कंपनीचे नाव आहे आणि त्या मोसमात त्या कंपनीचे बोधचिन्ह खाली तोंड केलेला लाल बाण होते. तो रोज डोक्यावर मिरवत हा संघ खेळला. मोसमाच्या आरंभी पहिल्या २५ सामन्यांत तीन विजय मिळाले, तेव्हा गावभर चर्चा कोणाची होती, तर स्टेडियममध्ये नव्याने मिळू लागलेल्या कॅम्पफायर मिल्कशेकची. वर्षभरातली सर्वांत यशस्वी भरती तीच.

त्यातच ते प्रेक्षकांत उठून-बसून लाट करणारे लोक. नऊ धावांनी मागे असताना, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना, मध्येच उठून हात वर करणाऱ्यांना नेमका कशाचा उमाळा येतो, हे मला आजवर उमगलेले नाही. आणि माझा पुण्याचा मित्र, जो अर्थातच उत्तरेकडचा, म्हणजे शिकागोच्या दुसऱ्या संघाचा, कब्सचा. तो दर सोमवारी न चुकता, अतिशय गोड आवाजात, "काय, जिंकले का रे तुझे?" असे विचारतो, निकाल आधीच पाहून.

बायकोचे म्हणणे असे की मला पराभवाचा राग नसून, राग आवडतो, आणि मुंबईतल्या मॅचचा निकाल बिघडल्यावर टीव्ही बंद करून झोपणारा माणूस इथे रेड लाइनच्या लोकलने जाऊन थंडीत उपास करून येतो ते त्यासाठीच. तिला मी एवढेच सांगितले की उपास केलेला नाही, एलोटे खाल्ले. पुढच्या मोसमाचे वेळापत्रक मी उघडून पाहिले हे तिला सांगण्याची काही गरज नव्हती, पण तिने ते फोनवर पाहिलेच.

शेवटचा अपमान मात्र अजून सांगायचा आहे. विक्रम झाल्यावर तरी गप्प हरत राहावे की नाही? शनिवारी जिंकले आणि रविवारीही जिंकले. म्हणजे शेवटच्या सहा सामन्यांत पाच विजय, आणि अंतिम आकडा ४१-१२१. घरचे तीन सामने सचोटीने हरले असते तर १२४ झाले असते, डेट्रॉइटचे शेवटचे दोनही धरले तर १२६, आणि तो विक्रम आमच्या नातवंडांच्या हयातीत कोणी मोडला नसता. आता मेट्सपेक्षा जेमतेम एकाने पुढे आहोत. कोलोरॅडो रॉकीज २०२३ आणि २०२४ असे सलग दोन मोसम शंभराच्यावर सामने हरले आणि त्यांची तयारी चांगली दिसत होती.